कुत्र्याला घेऊन धबधब्याला: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिप्या आमच्या घरी येऊन पाच पावसाळे झाले. निम्मा गावठी, निम्मा पश्मी जातीचा, कानाला केसांची झालर, वजन बावीस किलो. दर पावसाळ्यात शनिवार-रविवार गाठून आम्ही सगळे, म्हणजे आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि हे ध्यान, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडं हिंडून येतो. गल्लीत, ऑफिसात, जनावरांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना लोक तेच तेच विचारतात. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

कुत्र्यांना धबधबा आवडतो का हो?

नाही. निदान आमच्याला तरी नाही. आपण ज्याच्यासाठी पन्नास-साठ किलोमीटर गाडी हाणत जातो, तो त्याच्या लेखी नुसता गोंगाट. पहिल्या वर्षी बर्कीला धबधब्यासमोर उभं केलं तर कान पाडून शेपटी पोटाशी घेतली आणि माझ्या पायांमागं दडून बसला. त्याला आवडते ती वाट. ओल्या मातीचा वास, खेकड्याचं बीळ, म्हशीचा ताजा पो. त्यामुळं आमच्या घरचा नियम ठरून गेलाय: धबधबा लांबून बघायचा आणि खेळायला गुडघ्याखालचा ओढा शोधायचा. पुढच्या सगळ्या उत्तरांत हाच नियम फिरून फिरून येणार आहे, कंटाळू नका.

मग जायचं कुठं?

पहिल्यांदाच नेत असाल तर मसाई पठार. हसू नका. तिथं नावाजलेला धबधबा नाही, पण पन्हाळ्याच्या पलीकडं पसरलेलं ते जांभ्याचं सपाट रान आणि पावसात त्याच्यावरून वाहणारे वीतभर पाण्याचे ओहळ म्हणजे कुत्र्याला पंढरी. पोरांना पळायला जागा, सासूबाईंना चढ नाही. सप्टेंबरात बारीक फुलं येतात. दोन गोष्टी मात्र सांभाळा. गुरं चरत असतात, तेव्हा पट्टा हातातच ठेवायचा. आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, त्यामुळं पठाराच्या कडेला फिरकायचं नाही.

बर्की खरी देखणी. गगनबावडा रस्त्यानं कळे गावापर्यंत जायचं, तिथून बाजारभोगाववरून आत. गावात गाडी लावून पुढं चालत जावं लागतं आणि ती चालच खरी सहल. भाताची खाचरं, मग झाडी, मध्ये पाणी. रविवारी मात्र तिथं जत्रा असते. शनिवारी सकाळी साडेसातला पोचलात तर वाट तुमची.

राधानगरीकडचा राऊतवाडीचा धबधबा रस्त्यापासून जवळ, म्हणून सगळ्यांना सोयीचा, आणि म्हणूनच सुट्टीच्या दिवशी नको. स्पीकर, मोटारसायकली, आणि गवतात फुटक्या बाटल्या. माणसाच्या पायात चप्पल असते, त्याच्या नसते. आडवारी सकाळी जमत असेल तर जरूर जा.

गगनबावड्याच्या अलीकडं पळसंब्याला ओढ्यातच अखंड दगडात कोरलेली रामलिंगाची देवळं आहेत. माणसांनी आयुष्यात एकदा तरी बघावीत अशी. पण दगड शेवाळलेला, जागा अरुंद. कुत्र्याला नेऊन स्वतःची फजिती करून घेऊ नका. आम्ही पाळीपाळीनं जातो, एकजण वर टिप्याला धरून बसतो.

आंबा घाटाकडची झाडी सुरेख, पण जळवांचं राज्य. आंबोली कोल्हापूर जिल्ह्यात नाही, सिंधुदुर्गात. तिथला मोठा धबधबा घाटरस्त्यालाच लागून, गाड्यांची रांग, माकडं, गर्दी. कुत्र्याला तिथं काही म्हणजे काही मिळत नाही.

दाजीपूरच्या जंगलात नेता येईल का?

नाही, आणि नेऊही नये. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं. हे अभयारण्य १९५८ पासूनचं, गव्यांसाठी राखलेलं, आता सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. पाळीव कुत्र्याला आत प्रवेश नाही. शिवाय पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंदच असतं.

नियमामागचं कारण समजून घ्या. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा रोग रानटी जनावरांना होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यात याच विषाणूचा हात होता. आपल्याकडं बिबटे आहेत, कोळसून म्हणजे रानकुत्री आहेत. आपलं कुत्रं ठणठणीत दिसत असलं तरी ते काय सोबत घेऊन आलंय हे जंगलाला माहीत नसतं.

उलटी बाजूही आहे. अभयारण्याची हद्द पाटीवर असते, गव्याच्या डोक्यात नसते. राधानगरी, गगनबावड्याच्या वाटांवर सकाळ-संध्याकाळ गवा समोर येऊ शकतो. एरवी तो बघतो, फुसकारतो आणि वळतो. कुत्रं भुंकत अंगावर गेलं की तो त्याच्या मागं लागतो आणि कुत्रं जीव घेऊन पळत येतं ते थेट मालकाकडं. मागं आठ-नऊशे किलोचा गवा. एवढं चित्र डोळ्यांसमोर आणा, पट्टा आपोआप घट्ट धरला जाईल.

कुठल्या महिन्यात?

तरणा आणि म्हातारा, म्हणजे जुलैतले दोन्ही पाऊस सरू द्यात. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर. पाणी असतं, पण ते पिसाळलेलं नसतं. जुलैत धबधबा मोठा दिसतो हे खरं, पण त्याच्या जवळ जाता येत नाही हेही तितकंच खरं. गणपती-गौरी आटोपल्यावरचा पहिला शनिवार हा आमचा ठरलेला दिवस.

रस्ता चालू आहे की बंद, कसं कळणार?

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघायची सवय कोल्हापूरकराला असतेच. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण गगनबावडा रस्त्यासाठी हा आकडा पुरत नाही. कुंभीला पाणी आलं की मांडुकली, किरवे, लोंघे या पट्ट्यात रस्ता पाण्याखाली जातो. सकाळी जाताना कोरडा असलेला रस्ता संध्याकाळी बंद झाला की गाडीत पोरं, म्हातारी आणि ओलं कुत्रं घेऊन रात्र काढायची वेळ येते. बर्कीच्या बाजूचे लहान पूलही तसेच. वरच्या अंगाला ढग दाटले तर दुपारी दोनला परत फिरायचं, मिसळ राहिली तरी चालेल.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी. तेव्हा धरणाखाली भोगावतीच्या पात्रात कुत्र्याला पोहवायची हौस नको.

जिल्हा प्रशासन पावसाळ्यात कलम १६३ खाली मनाई आदेश काढून काही धबधबे, धरणं बंद करतं. घरातून निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा. बंदी असेल तर असेल. ‘आमचं कुत्रं लांबून आलंय’ हे कारण पोलीस ऐकून घेत नाहीत, आमच्या ह्यांनी एकदा सांगून बघितलंय.

आमचा पग आहे, जमेल का? आणि लॅब्रॅडोरचं पिल्लू?

पग, शिह त्झू, बुलडॉग ही चपट्या नाकाची मंडळी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. ज्याचं नाकच आखूड, त्याला चढावर दम लागतो, आणि दमट हवेत तर फारच. त्यांना गाडीपासून अर्ध्या तासाच्या आत परत येता येईल अशाच ठिकाणी न्या. लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू अजिबात नको. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं-सांधे वर्ष-दीड वर्ष भरत असतात, तोवर उंच पायऱ्या आणि उड्या नकोत, सपाट वाट चालेल.

गावठी कुत्र्याला काहीच होत नाही, असं लोक म्हणतात. तो काटक असतो, पण एरवी दिवसभर सोफ्यावर झोपणारा गावठी सोफ्याचाच असतो. महिनाभर आधी रंकाळ्याभोवती रोजची फेरी वाढवा.

लसी कुठल्या लागतात?

रेबीजची चालू असली पाहिजे, हे सांगायलाच नको. दुसरी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतात, भाताच्या खाचरात, डबक्यात. कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. सेव्हन इन वन, नाइन इन वन म्हणतात त्या लसीत लेप्टो धरलेला असतो, पण आपल्या कुत्र्याला नक्की कुठली दिलीय हे कार्डावर बघून डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात आणि मग दर वर्षी. म्हणजे ऑगस्टच्या सहलीची तयारी मे-जूनमध्ये. निघायच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही.

सहलीनंतर आठ-दहा दिवसांत ताप, उलट्या, खाणं बंद, हिरड्या पिवळट, असं काही दिसलं तर ‘पाणी बाधलं असेल’ म्हणून घरी थांबू नका.

पट्टा सोडायचा कधी?

फक्त गाडीत. गवा वर सांगितलाच. त्याशिवाय धनगरवाड्यांवरची कुत्री. ती जनावरांच्या राखणीला असतात, बिबट्याला तोंड देणारी. त्यांच्या हद्दीत आपलं शाम्पूच्या वासाचं कुत्रं शिरलं की ती विचारपूस करत नाहीत. वाडा दिसला की लांबून हाक मारायची, ‘मामा, कुत्री धरा’. ते एक शीळ घालतात आणि काम होतं.

पट्टा दीड-दोन मीटरचा, साधा, जाड. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून येणारा हार्नेस बरा: कुत्रं घसरलं तर मान आवळत नाही आणि पाठीवरच्या पट्टीला धरून उचलता येतं. बटण दाबून लांब होणारी ती दोरी नको, ती झुडपात गुंतते. पट्टा मनगटाला किंवा कमरेला कधी गुंडाळू नका. त्यानं ओढलं तर सुटला पाहिजे, आपण पडता कामा नये. आणि पोरांच्या हातात उतारावर कधीच द्यायचा नाही. आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांचं वजन टिप्याहून कमी होतं, तेव्हा कोण कुणाला फिरवत होतं हे सांगायला नको.

पाण्यात किती आत न्यायचं?

त्याचं पोट भिजेल इतकंच, तेही पाणी वाहताना दगड दिसत असेल तर.

धबधब्याच्या खाली जो डोह असतो तो वरून दिसतो त्याहून खोल असतो. पाणी उंचावरून पडून खाली फिरतं, पृष्ठभागावर फेस असतो, आणि फेसात ना माणूस तरंगतो ना कुत्रं. बऱ्याच कुत्र्यांना न शिकवता पोहता येतं, पण पोहणं म्हणजे सरळ पाण्यात पाय मारणं. भोवऱ्यात त्या पायांचा उपयोग नाही. तिथं लोक चेंडू, काठी फेकून ‘आण, आण’ करतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

आणि कुत्रं वाहून जाताना दिसलं तर आपण मागं उडी मारायची नाही. हे लिहायला सोपं आहे, करायला महाकठीण, म्हणून घरी बसूनच सगळ्यांनी ठरवून ठेवायचं, पोरांसमोर. काठानं खाली धावायचं, हाका मारायच्या, पाणी संथ होतं तिथं त्याला घ्यायचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. ती पोहायला उतरली नव्हती. प्रवाहात उभी होती आणि पाणी चढत गेलं.

पाणी चढण्याआधी खुणा देतं. नितळ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जाड होतो. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो. टिप्या अशा वेळी मान वर करून वरच्या अंगाला बघतो आणि पाण्याबाहेर येतो. मी त्याच्यावर विसंबत नाही, पण तो निघाला की आम्हीही निघतो.

गाडीत ओकतो, काय करू?

निघायच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, पाणी थोडं थोडं. घाटात काच दोन बोटं खाली. मागच्या सीटवर जुनी चादर. तरीही ओकला तर पुसा आणि पुढं चला. पोरं ओकली की आपण तेच करतो की.

खायला काय न्यायचं?

आपल्याला भाकरी, खर्डा, दही, भडंग. त्याला बिनमिठाचा भात आणि उकडलेलं चिकन, हाडाशिवाय. आपल्यातलं त्याला द्यायचं नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आणि कोल्हापुरात कांदा-लसणाशिवाय काही शिजत नाही. तांबडा-पांढरा रस्सा तर लांबच ठेवा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट हेही नाही. शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं, तेव्हा ‘एक नळी देऊया की’ म्हणणाऱ्या पाहुण्यांवर लक्ष ठेवा.

पण सगळ्यात वाईट निघालं ते कणीस. दुसऱ्या वर्षाची गोष्ट. टपरीवर भाजलेली कणसं घेतली, तिखट-मीठ-लिंबू लावून. धाकट्यानं दाणे खाल्ले आणि उरलेलं टिप्याला दिलं, प्रेमानंच. दोन घास, खलास. आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाणीसुद्धा टिकेना. सोनोग्राफी झाली, आतड्यात काहीतरी अडकलंय म्हणून पोट उघडलं. डॉक्टरांनी स्टीलच्या वाडग्यात काढून दाखवलं: अंगठ्याएवढा तुकडा, दाणे निघालेल्या खोबणी जशाच्या तशा, पाच दिवसांत एक रेषाही विरघळली नव्हती. बारा टाके पडले. कणसाचा तो दांडा कुत्र्याच्या पोटात पचत नाही. धबधब्याच्या वाटेवर असे दांडे पावलोपावली पडलेले असतात, आणि तिखट-मिठाचा वास लागलेला असतो. खाली बघून चाला.

जळवा लागल्या तर?

लागतातच. आपण पायजमा मोज्यात खोचतो, त्याला काय खोचणार. बोटांच्या बेचक्यात, ओठाच्या आत, मांडीच्या सांध्यात बघा. मीठ, तंबाखू, काडेपेटी असले प्रयोग नकोत, विशेषतः तोंडाजवळ. जळू पकडते ते बारीक टोक शोधून नख कातडीला आडवं लावायचं आणि सरकवायचं, मग दुसरं टोक. सुटते. रक्त थोडा वेळ येत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारा पदार्थ असतो. स्वच्छ फडकं दाबून धरा. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त गाडीच्या पांढऱ्या सीटकव्हरचा नाद सोडा.

एक जागा मात्र लक्षात ठेवा: नाक. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिताना बारीक जळू नाकात शिरते आणि तिथंच राहते. सहलीनंतर काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून रक्त, सारख्या शिंका, असं दिसलं तर दवाखाना. म्हणून प्यायचं पाणी घरचं न्या आणि वाटीत द्या.

साप?

कुत्रं नाक पुढं करून शोध घेतं, त्यामुळं चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही आपल्या भागात आहेत. आंबा-आंबोलीकडं फांदीवर हिरवा चापडाही असतो. चावला तर त्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत. निघायच्या आधीच वाटेवरच्या तालुक्याच्या गावात जनावरांचा दवाखाना कुठं आहे आणि सुट्टीच्या दिवशी कोण भेटतं ते फोन करून विचारून ठेवा. तिथं पोचल्यावर शोधायला मोबाइलला रेंज नसते.

मुक्कामाला घेतात का?

आंबा, पन्हाळा, गगनबावडा इथं घरगुती राहण्याच्या सोयी आहेत, काही जण आनंदानं घेतात. फोनवर ‘पेट आहे’ म्हणू नका, ‘बावीस किलोचं कुत्रं आहे, आत झोपतं’ असं म्हणा. आम्हाला एका ठिकाणी हो म्हणून रात्री आठला गोठ्यात बांधायला सांगितलं. शेवटी आम्ही दोघं आळीपाळीनं त्याच्यासोबत गोठ्यात बसलो. म्हैस चांगली होती.

लोक ओरडतात, देवळापाशी हाकलतात.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, हा युक्तिवाद मी करून बघितलाय. नरसोबाच्या वाडीच्या जिल्ह्यातसुद्धा तो चालत नाही. गाभाऱ्यात, आवारात नेऊच नका. वाटेत कुणी घाबरत असेल तर आपण वाटेच्या कडेला होऊन त्याला खाली बसवायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. घाण उचलायला पिशवी न्या. ओढ्याचं तेच पाणी खाली गावात जातं.

घरी आल्यावर?

कितीही दमलात तरी अर्धा तास त्याचा. कोमट पाण्यानं चिखल काढा, जुन्या धोतरानं कोरडं करा, कान आतून पुसा. ओले कान राहिले की आठवड्यात वास मारायला लागतात. मग गोचीड: कानाच्या घडीत, गळपट्ट्याखाली, बोटांत, शेपटीच्या मुळाशी. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल लावायचं नाही, चिरडायचा नाही. तिसऱ्या दिवशी परत तपासा, कारण पहिल्या दिवशी तो तिळाएवढा असतो आणि तिसऱ्या दिवशी ज्वारीएवढा होतो. पंज्याचे तळवे भिजून मऊ पडलेले असतात, दोन दिवस डांबरी रस्त्यावर पळवू नका.

घरातल्या वयस्कर माणसांना न्यावं का?

सासूबाई पहिल्या वर्षी ‘कुत्र्याबरोबर मी येणार नाही’ म्हणून घरी राहिल्या होत्या. आता त्या आधी बसतात. धबधब्यापर्यंत त्यांना चालवत नाही आणि टिप्याला तिथं जायचं नसतं, त्यामुळं दोघं ओढ्यापाशी थांबतात. सोबत घडीची खुर्ची घ्या, हलकी, ॲल्युमिनियमची. थोडी रुंद बघून घ्या, कारण पाऊस आला की टिप्या तिच्याखाली शिरतो.